बारा बोटांचं छप्पर

“ती टेप काढ आधी गळ्यातली. घर बोटांनी मोजायचं असतं.”

सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली होती, तरी पिठाचा गोळा ओट्यावर आला की त्यांचा आवाज थोरलीच्या कानामागून हटकून यायचा. थोरलीनं मुकाट्यानं टेप काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. टेप तिच्या गळ्यात अशी रुळलेली, की झोपतानाच काय ती उतरायची. पण वर्षअखेरच्या सुट्टीतल्या या एका दिवशी टेपेलाही सुट्टी असायची.

तिनं ओव्हनपुढे क्षणभर हात जोडले, कळ फिरवली आणि पीठ लाटायला घेतलं.

दर वर्षअखेरीला गोड पिठाच्या भाजलेल्या भिंतींचं एक छोटं घर बांधायचं; या घरात त्याला आल्याचं घर म्हणत. मैदा, काकवी, लोणी, साखर, सुंठ, दालचिनी आणि चिमूटभर लवंगेची पूड. हे पीठ आदल्या दिवशी मळून गार जागी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी लाटून त्याच्या भिंती कापायच्या, खरपूस भाजायच्या, आणि पिठीसाखर नि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा घट्ट लेप लावून त्या उभ्या करायच्या. या लेपाला सासूबाई चुना म्हणत. जन्मभर बेकरीच्या भट्टीवर काम केलेली बाई. तिच्या तोंडी ते शोभायचं. “लोक एकमेकांना चुना लावतात, आपण घराला लावू,” असं दरवर्षी म्हणायच्या, आणि दरवर्षी सगळे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

पीठ दीडपट करायचं हाही त्यांचाच नेम. “भिंत मोडेल, मन मोडू नये,” म्हणायच्या. थोरलीनं तो कधी चुकवला नव्हता. गरज पडो न पडो, एक गोळा डब्यात शिल्लक असायचाच.

तिनं उजवा हात पिठावर आडवा ठेवला. चार बोटं. परत चार. परत चार. बारा बोटं लांबीची बाजूची भिंत. सुरी फिरली. दुसरीही तशीच. पुढची आणि मागची भिंत वर निमुळती. छप्पर मात्र तिनं कापलं नाही. छप्पर तिचं नव्हतंच कधी. ते धाकटीचं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, तेव्हा आठच दिवसांत ही सुट्टी लागली होती. नवी सून ओट्याच्या कडेला अंग चोरून उभी. सासूबाईंनी तिला पुढे ओढलं, थोरलीचा हात धरला आणि दोघींचे पंजे एकमेकींवर ठेवले. बोटाला बोट, पेराला पेर. केसभर फरक नाही.

“दोन पोरं माझी,” सासूबाई म्हणाल्या, “एकाचं नाक चुलीकडं, एकाचं मोरीकडं. पण सुनांची बोटं बघा, एका साच्यातली. बास. आता एकीनं भिंती करायच्या, दुसरीनं छप्पर. एकमेकींना विचारायचं नाही. न विचारता जुळलं पाहिजे.”

मग हात तसेच दाबून धरून, जरा हळू आवाजात, पुढचं. “आणि ऐका. या घरात एकीचं काही उणं पडलं, तर तिनं मागायचं नाही. मागताना माणूस खाली बघतं. दुसरीनं ओळखायचं, आणि न बोलावता जायचं. कबूल?”

“कबूल,” थोरली म्हणाली.

“कबूल,” धाकटी म्हणाली. तिच्या हाताला घाम आला होता.

पुढे दिरानं शहराच्या दुसऱ्या टोकाला खोल्या घेतल्या. बसनं तासाची वाट. पण दरवर्षी भिंती इकडे भाजल्या जायच्या, छप्पर तिकडे. छपराची ने-आण करायला थोरलीच्या नवऱ्यानं, तो सुतार होता, झाकणाची एक चपटी लाकडी पेटी करून दिलेली. आतून मऊ कापड लावलेली. पेटी यायची, झाकण निघायचं, छप्पर भिंतींवर बसायचं, आणि अठरा वर्षांत एकदाही ते तिळभर कमीजास्त झालं नव्हतं. सुतार कौतुकानं कड चाचपून म्हणायचा, “माझ्या हाताखालच्या माणसांना इंचटेप देऊन हे जमत नाही.”

आणि शब्दही पाळला गेला होता. निदान धाकटीकडून. थोरलीची लेक झाली तेव्हा बोलावणं जायच्या आत धाकटी दारात उभी. सुताराचा हात करवतीत सापडला तेव्हा तर तिला कुणी सांगितलंही नव्हतं. फोनवर थोरली नुसतं “सगळं ठीक” म्हणाली होती, त्यातल्या ‘ठीक’चा सूर धाकटीनं पकडला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आली. एकोणीस दिवस राहिली. जाताना आभार मानू दिले नाहीत. “कबूल केलं होतं ना, ताई,” एवढंच.

हे सगळं थोरलीला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच यंदा जास्त लागत होतं.

कारण यंदा धाकटीचं काहीतरी बिनसलं होतं. लेकीला कॉलेजात बक्षीस मिळालं, घरात छोटीशी जेवणावळ झाली. धाकटी आली नाही. “त्या दिवशी जमणार नाही, ताई,” एवढंच फोनवर. का, ते नाही. नंतरचे फोनही तुटक. आणि महिन्यापूर्वी, दुकानात बटणं पुरवणारा माणूस बोलता बोलता बोलून गेला, “तुमच्या जाऊबाई दिसल्या परवा. पुलापलीकडच्या शिंप्याकडं. हातात कपड्यांचं हे एवढं गाठोडं!”

थोरलीनं त्याला हसून चहा दिला खरा, पण स्वतःचा कप तसाच मोरीत ओतला. घरात शिंपीण असताना जाऊ दुसऱ्याच्या दारात गाठोडं घेऊन जाते? एकोणीस वर्षं जिचा काजसुद्धा आपण दुसऱ्याला करू दिला नाही, तिनं? कुणाला न सांगता तिनं ते मनात घडी करून ठेवलं. आणि घडी करून ठेवलेल्या गोष्टीला वास येतोच.

त्यात आज सकाळचा फोन.

“ताई, मला सर्दी झालीय. पोरांना लागेल तुमच्याकडं. ह्यांना पाठवते, आमच्या चिमणीला पाठवते, छप्पर पाठवते. मी तेवढी राहते.”

“छप्पर काय, पार्सलनंही येतं,” थोरली म्हणाली.

पलीकडून मग “हो ना” असं हसल्यासारखं, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

थोरलीनं भिंतींचा पत्रा ओव्हनमध्ये सरकवला आणि मनाशी ठरवून टाकलं: बास झालं. यंदाचं घर होऊ दे. पुढच्या वर्षी छप्परही आपणच करू. बोटं काय, आपल्यालाही आहेत.

*

“गाडी आली! उतरणाऱ्यांनी मागच्या दारानं उतरा!”

दीर बसवर ड्रायव्हर होता आणि हा विनोद त्याच्या नोकरीइतकाच जुना होता. दार उघडताच त्याची दहा वर्षांची मुलगी, चिमणी, त्याच्या काखेतून आत शिरली आणि थेट स्वयंपाकघरात.

“मोठीआई! पेटी मी धरली होती! पूर्ण रस्ता! एकदापण वाकडी नाही केली!”

“म्हणजे बाबांनी बस नीट चालवली म्हणायची,” थोरलीची लेक म्हणाली.

“आज मी ड्रायव्हर नाही, प्रवासी आहे,” दीर म्हणाला. “आणि तो बस चालवणारा, काय सांगू! गाढवाला लगाम दिला तर बरी चालवेल. दादा, हा घे पिशवीत चुना. म्हणजे साखर. वहिनी, चहा टाका, घसा कोरडा पडलाय.”

तो नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होता. थोरलीनं चहा टाकला.

“काय म्हणते सर्दी?” तिनं पाठमोरीच विचारलं.

“सर्दी? हां, सर्दी. आहे, आहे.” त्यानं कप हातात घेतला आणि मुलीकडे वळला. “चिमणे, सांग की मोठीआईला, अंगठीची गंमत.”

चिमणीला तेवढंच हवं होतं. “आईची अंगठी पिठात पडली! आम्ही सगळीकडं शोधली. पलंगाखाली, डब्यात, मोरीत. मग बाबा म्हणाले पिठात असेल, आणि बाबांनी सगळा गोळा चिवडला, आणि मिळाली! छपराच्या पिठात!”

“नशीब,” सुतार म्हणाला. “नाहीतर शेवटी माझ्या दातालाच सापडायची. दात गेला असता तो गेला असता, वर चोरीचा आळ.”

सगळे हसले. दीर सगळ्यांत जास्त हसला आणि कप लगेच खाली ठेवला. थोरलीच्या तोंडावरही हसू आलं. पण मनात आलं, बघा, लक्ष नाही बाईचं. हातातलं पडलं तरी कळत नाही.

भिंती गार झाल्या होत्या. सुतारानं पाटावर चुन्याच्या चार रेघा ओढल्या. पुढची भिंत, मागची भिंत, बाजूच्या दोन. लेकीनं दोन्हीकडून वाट्यांचा टेकू दिला. खिडक्यांच्या भोकांत चिमणीनं आधीच लिमलेटच्या गोळ्या वितळवून ओतल्या होत्या, त्या आता लाल-पिवळ्या काचांसारख्या दिसत होत्या. चुना वाळेपर्यंत घराला हात लावायचा नाही, हा नियम. तेवढ्या वेळात सुतारानं आणि दिरानं, खिडकीत माणूस हवा की नको, यावर दरवर्षीचं भांडण करून घेतलं.

“माणूस नसलेलं घर म्हणजे गोदाम,” दीर.

“आणि दाराएवढं डोकं असलेला माणूस म्हणजे तू,” सुतार.

मग थोरलीनं पेटीचं झाकण काढलं.

छपराचे दोन तुकडे, छान तपकिरी. धाकटीची एक खास रीत होती. पीठ कच्चं असतानाच ती कडेला, बोटाशेजारी बोट असं, शेवटपर्यंत बोटं दाबत जायची. भाजल्यावर त्याची कौलांसारखी नक्षी व्हायची. माप आणि नक्षी एकाच हातानं. थोरलीनं पहिला तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि घरावर ठेवला.

मागच्या भिंतीशी नीट बसला. पुढच्या भिंतीपर्यंत पोचला नाही.

“सरकव जरा,” सुतार म्हणाला.

पुढे सरकवला, तर मागं उघडं पडलं. दुसरा तुकडा ठेवून पाहिला. तोही तसाच. घराच्या एका टोकाला सरळ फट, आत डोकावता येईल अशी.

सगळे पाटाभोवती वाकले. अठरा वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

“दीड बोट कमी,” सुतार हलकेच म्हणाला. त्याला नजरेनंच कळायचं.

“काकूनं चाखून बघितलं असेल,” लेक हसत म्हणाली. “आई, एक पट्टी भाजून जोडू या ना. वरून चुना लावला की कळणारसुद्धा नाही.”

“नाहीतर मी कानशीनं भिंत घासतो,” सुतार म्हणाला.

पण थोरलीच्या तोंडून घडीतली गोष्ट बाहेर पडलीच. “राहू दे. करायचं म्हणून केलेल्या कामाला असंच दीड बोट कमी पडतं. मन असतं तिथं माप चुकत नाही.”

चिमणीचा चेहरा उतरला. “आईनं दोनदा मोजलं,” ती म्हणाली. “मी बघितलं, मोठीआई. बारा. मी पण तिच्याबरोबर मोजलं. मधेच ती खुर्चीवर बसली, मग परत उठून मोजलं.”

पोर खोटं बोलत नव्हती. थोरलीला आपल्या बोलण्याची शरम वाटली. “अगं, मी गंमत केली,” म्हणत तिनं तुकडा परत उचलला, उजेडात, खिडकीपाशी नेला. निदान ठसे मोजावेत. बाराऐवजी अकरा निघाले तर झालं, चूक सापडली. चुकीवर माणूस हसून मोकळं होतं.

एक, दोन, तीन, चार.

बारा होते. पूर्ण बारा. एकही कमी नाही.

तिनं तुकडा ओट्यावर ठेवला आणि आपली चार बोटं त्या ठशांवर ठेवली. बोटाला बोट. एकोणीस वर्षांपूर्वी अशीच ठेवली होती, त्या हातावर हात.

बोटं ठशात बसेनात. पहिलं बसवलं तर दुसरं कडेवर चढत होतं, तिसरं पार शेजारच्या ठशात. ठसे अरुंद होते. काठीचे असावेत असे.

तिनं छपराचा उतार मोजून पाहिला, तो नेहमी वितीनं मोजायचा. एक वीत. बरोबर वीत. तिथं काहीच कमी झालं नव्हतं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला हात तोच होता. हाडं तीच होती. त्यांच्यावरचं मांस तेवढं गेलं होतं.

मग एकेक गोष्ट आपोआप येऊन शेजारी शेजारी बसली, चुना लावल्यासारखी. बोटातून गळून पडलेली अंगठी, आणि ती पडल्याचं न कळणं. मधेच खुर्चीवर बसणं. आणि पुलापलीकडच्या शिंप्याकडचं ते गाठोडं. नवीन शिवायचं तर माणूस कापड नेतं. कपड्यांचं गाठोडं नेतं ते आत घ्यायला, ढिले झालेले कपडे आवळून घ्यायला. सगळेच कपडे आत घ्यायची वेळ आलेली बाई, घरची शिंपीण सोडून परक्याच्या दारात कधी जाते? जेव्हा शिंपिणीच्या हातची टेप आपल्या कमरेभोवती फिरायला नको असते तेव्हा.

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की ते दोन बोटं रोडावलंय की सुटलंय, हे थोरली चष्म्याशिवाय सांगायची. पंचक्रोशीत नाव होतं तिचं त्यासाठी. आणि घरचं माणूस? घरच्या माणसाला तिनं पाच महिन्यांत डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. फोनवर रुसत बसली होती.

“भाऊजी,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला. “जरा पुढे दुकानात या. एक जड गठ्ठा उचलायचाय.”

*

दुकानात शिवणयंत्रावर फडकं टाकलेलं होतं. दिरानं इकडे तिकडे गठ्ठा शोधला. थोरलीनं मधलं दार लोटून घेतलं.

“किती दिवस झाले?”

“कशाला?”

“भाऊजी.”

तो स्टुलावर बसला. मघापासूनचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. टोपी काढून हातात फिरवत राहिला.

“पाच महिने,” तो म्हणाला. “पोटात गाठ निघाली. काढली. आता दर आठवड्याला औषध चढवतात. डॉक्टर म्हणतात गुण येतोय. खरंच म्हणतात, वहिनी, मी उगाच सांगत नाही. पण खाल्लेलं ठरत नाही. दोन घास, की उठून मोरीत.” मग घाईघाईनं, “मी तुम्हाला काही सांगितलं नाही हं. तिनं शपथ घातलीय. म्हणाली, सुट्टी होऊन जाऊ दे, पोरांची मजा जायला नको. आणि तुमच्याकडं तर अजिबात नाही. म्हणाली, ताईला कळलं तर ती दुकान बंद करून इथं येऊन बसेल.”

“नाहीच सांगितलंत तुम्ही,” थोरली म्हणाली. “मी मोजलं.”

दीर रडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तो रडला, अगदी आवाज न करता, टोपीत. ती जवळ उभी राहिली. पाठीवर हात ठेवावा तर दिराच्या पाठीवर तिनं कधी ठेवला नव्हता; तिनं शेवटी खांद्यावरचा दोरा काढल्यासारखं केलं, एकदा, दोनदा.

“बक्षिसाच्या जेवणाला आली नाही, त्या दिवशी?”

“ऑपरेशन होतं.”

थोरलीनं डोळे मिटले. मनातल्या मनात तिनं तिच्या रोजच्या देवाचं नाव घेतलं. मागायला नव्हे, नुसतंच, कठड्याला हात लावावा तसं. सकाळचे आपलेच शब्द कानात आले. छप्पर काय, पार्सलनंही येतं. आणि पलीकडची ती हसल्यासारखी “हो ना”. ओट्याला धरून उभी असेल. अशा अंगानं तिनं पीठ मळलं, लाटलं, दोनदा मोजलं, कौलं काढली. मन असतं तिथं माप चुकत नाही म्हणे! माप चुकलंच नव्हतं.

“तोंड धुऊन या,” ती म्हणाली. “चिमणीला किती माहीत आहे?”

“आईला अशक्तपणा आहे, एवढंच.”

“मग तेवढंच राहू दे आत्ता. पुढचं तिची आई सांगेल तेव्हा.”

*

स्वयंपाकघरात सुतार कानस घेऊन तयार होता आणि लेक पट्टीसाठी लाटणं शोधत होती.

“ठेवा ते,” थोरली म्हणाली. “छपराला काही जोडायचं नाही. आणि घासायचंही नाही काही.”

“मग काय उघडं ठेवायचं घर?” सुतार म्हणाला.

“छप्पर आहे तसं राहील. भिंती जवळ आणायच्या.” तिनं पाटावरच्या घराकडे पाहिलं. “या बाजूच्या दोन तेवढ्या काढा. चुना आतून अजून ओला आहे, निघतील. पुढची-मागची तीच चालते. बाजूच्या नवीन भाजू.”

“म्हणजे पुन्हा ओव्हन तापवायचा?”

“इथला नाही.”

सुतारानं बायकोकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षं लाकूड हाताळलेला माणूस. कुठं गाठ आहे ते त्याला वरूनच समजायचं. त्यानं दिराच्या ओल्या तोंडाकडेही पाहिलं. कानस खाली ठेवली आणि पातळ पात्याची सुरी घेऊन, श्वास रोखून, बाजूच्या दोन भिंती सोडवल्या.

“मोडली नाही एकही,” तो म्हणाला. “या दोन काय करायच्या?”

“चहाबरोबर खा. मापाबाहेरच्या आहेत.”

“बावीस वर्षांत पहिल्यांदा बिनभांडता भिंत खायला मिळाली,” सुतार म्हणाला आणि एक तुकडा मोडून चिमणीला दिला. चिमणी हसली. तिच्या हसण्यानं खोली पुन्हा चालू झाली.

थोरलीनं पेटीत छपराचे दोन तुकडे परत ठेवले. त्यांच्यावर मऊ कापड, कापडावर पाटावरून सोडवलेली पुढची आणि मागची भिंत. डब्यातला शिल्लक गोळा फडक्यात गुंडाळला. दीडपट पीठ. सासूबाई, तुमचा नेम कामी आला बघा. सुंठेची छोटी बाटली घेतली. मग थबकली आणि कालच्या भाताची पेज करून बाटलीत भरली, मीठ घालून, अगदी पातळ. दोन घास ठरत नसतील तर दोन घोट ठरतील.

“आई, कुठं चाललीस? घर?” लेक म्हणाली.

“घर यंदा तिकडं बांधायचं. काकूला सर्दी आहे, ती कशाला येईल? घरानं जावं.” तिनं चपला पायात सरकवल्या. “तुम्ही खिडक्यांच्या अजून चार काचा करा. दारही राहिलंय. बाबांना चुना ढवळू द्या, उगाच बोलतात. दिवेलागणीला सगळे या.”

“मी येते ना मोठीआई! पेटी मी धरते!”

“तू काचा कर, राणी. तुझ्यासारख्या मला येत नाहीत. माझ्यात बुडबुडे राहतात.”

दीर दारापाशी आला. “मी सोडतो, वहिनी. किंवा फोन तरी करतो, म्हणजे ती...”

“नको. फोन केलात की ती उठून खोली आवरेल. तोंडाला पावडर लावेल. स्वेटरवर स्वेटर घालून बसेल जाड दिसायला.” तिनं पेटी छातीशी धरली. “मला तिनं आवरलेली खोली नको.”

“काय सांगाल तिला?”

“काही नाही. ओट्यापाशी खुर्ची ओढेन, तिला बसवेन आणि पीठ पुढ्यात ठेवेन. म्हणेन, धाकटे, माझ्या भिंती यंदा फार लांब झाल्या. तुझ्या बोटांनी मोजून दे.”

दिरानं तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

दारामागं टेप खिळ्याला लोंबत होती. सवयीनं थोरलीचा हात तिच्याकडे गेला, आणि परत आला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं. तिनं पाण्याचा लोट चुकवला, पेटी न हलू देता. समोरून येणारी एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, “आज दुकान उघडं नाही वाटतं?”

“आठवडाभर नाही,” थोरली म्हणाली. तिनं हे आत्ताच ठरवलं होतं, आणि ठरवताना काही जड गेलं नव्हतं. “फार घाई असेल तर पुलापलीकडं एक शिंपी आहे. बरा आहे म्हणतात. आमच्या घरचंही एकदा काम केलंय त्यानं.”

पेटीखालची चार बोटं अवघडली होती. तिनं हात बदलला. कोपऱ्यावर वळताना मागं पाहिलं तर खिडकीत चिमणी आणि लेक, लाल काच उन्हात धरून बघत होत्या. त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. बरंच झालं.

थांब्यावर बस लागलेलीच होती. तिनं आधी पेटी वर ठेवली, सपाट, मग कठडा धरून स्वतः चढली.